याकूबचं रिकामं काडतूस
५ सप्टेंबर १९९७, शुक्रवार. डायरीतल्या या पानावर माझं अक्षर धावतंय. एरवी ते शाळेतल्या सिस्टरांनी पट्टी मारून सरळ केलेलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा इतक्या जवळून बंदूक चाललेली पाहिली.

आखातात, अल मनखूलला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर याकूब राहायचा. गाव खेड. शिकारीच्या सामानाच्या दुकानात अकरा वर्षं मागच्या खोलीत बंदुका पुसत होता. काउंटरवरचा माणूस नोकरी सोडून गेला आणि मालकानं याकूबला पारखायला एक गिऱ्हाईक दिलं. ते जमलं तर काउंटर त्याचं, आणि बायकोला, जैनबला, इथं आणण्याइतका पगार.

गिऱ्हाईक म्हणजे साठीचे स्थानिक अरब बू सईद, कॅनडात मूसच्या शिकारीला निघालेले. मूस हे हरीणच, पण जवळजवळ उंटाएवढं. याकूबला इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून संध्याकाळी तो कॅटलॉग घेऊन माझ्याकडे यायचा. हे गेल्यापासून एवढ्या उत्साहानं मी काही वाचलं नव्हतं. गोळीचं वजन, वेग, दोनशे मीटरवर ती किती खाली येते, सगळं डायरीत उतरवलं. जेवतानाही तेच बोलू लागले, तेव्हा माझा मुलगा परेश म्हणाला, "आई, प्लीज."

याकूबचं मत ठरलं: थर्टी-ओ-सिक्स रायफल, एकशे ऐंशी ग्रेनची गोळी. मूसला पुरते, खांद्याला सोसते. बू सईदना मात्र दुकानातली सर्वांत दांडगी, जबर धक्क्याची मॅग्नम हवी होती. मालकालाही तीच विकायची होती.

शुक्रवारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर बंदुका चालवून बघायच्या होत्या. हट्ट करून मीही गेले. गाडीत याकूबनं खिशातली दोन रिकामी काडतुसं दाखवली. रानडुकराच्या शिकारीआधी त्याचे वडील त्याला न सांगता असंच एखादं भरून देत. धमाका होत नाही, पण धक्क्याच्या धास्तीनं हात हलतो आणि भीती उघडी पडते. मी म्हटलं, बू सईदचा मुलगा येणार आहे, त्याच्यासमोर म्हाताऱ्याची फजिती झाली तर?

"तर जैनब खेडलाच, ताई."

बू सईदच्या मॅग्नमच्या तिन्ही गोळ्या निशाणाच्या खाली गेल्या. बंदुकीवरची दुर्बीण बिघडलीय, ते म्हणाले. याकूबनं गुपचूप चौथं, रिकामं काडतूस भरून दिलं. चाप ओढला. आवाज नाही, पण त्यांचे डोळे गच्च मिटले आणि नळी वीतभर खाली गेली. मागे उभ्या मुलानं ते पाहिलं. मी पर्स घट्ट धरली.

याकूब हळू आवाजात म्हणाला, "बाबा, बंदूक अच्छी है. कंधा पहले से डर जाता है. मेरा भी डरता है."

बू सईदनी बंदूक याकूबकडे परत दिली. मग मुलाला म्हणाले, आता तू मार. आणि याकूबकडे बघून डोळा मिचकावला. याकूबनं दुसरं रिकामं भरलं. मुलाची नळी तर थेट वाळूकडे वळली. बू सईद खोकला येईपर्यंत हसले.

"खलास. छोटीवाली लाओ."

थर्टी-ओ-सिक्सनं बू सईदनी मारलेल्या पाचातल्या चार गोळ्या ताटलीएवढ्या जागेत बसल्या. मी नकळत टाळ्या वाजवल्या.

नोव्हेंबरात बू सईदनी मूसचा फोटो दुकानात आणला. एका गोळीत, त्यांनी मालकाला सांगितलं. काउंटरमागे तेव्हा याकूब होता. मार्चमध्ये जैनब आली. विमानतळावर मीही गेले होते. त्या पानावरही अक्षर धावतंय.