सर्जन नसलेला दवाखाना

दुष्काळी कामावर खडी फोडताना माझ्या थोरल्या भावाच्या पायावर दगड कोसळला. ट्रकमधून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तर तिथे सर्जनची जागा दोन वर्षं रिकामी. समोर आला तो मलमपट्टी करणारा ड्रेसर, पन्नाशीचा, बाह्या कोपरापर्यंत सारलेला.

मी त्याच्यावरच भडकलो. तो मान वर न करता रक्त थांबवत राहिला.

“रोज समदे मलाच बोलत्यात,” तो म्हणाला. “सर्जन इथं असता, तर त्याला असं बोलला असता का तुमी?”

भावाच्या पायाला फळ्या बांधून ड्रेसर स्वतःच ट्रकमध्ये चढला आणि नगरपर्यंत तो पाय मांडीवर धरून बसला. खड्डा आला की ड्रायव्हरवर करवादायचा. नगरच्या सर्जननी बांधलेला पाय पाहिला आणि म्हणाले, “वाचेल.”

बाहेर येऊन मी ड्रेसरची माफी मागितली, चहाचा आग्रह केला.

“ऱ्हाऊ द्या,” तो वैतागून म्हणाला. “मी इथं चा पीत बसलो, तर तिकडं कोन हाय?”

त्याच ट्रकने तो परत गेला.

भाऊ तीन महिन्यांनी चालू लागला. दवाखान्याला सर्जन मात्र मी गाव सोडेपर्यंत मिळाला नाही. एवढ्या लोकांचा राग तो एकटा माणूस कुठे ठेवत असेल, कोण जाणे.