कोंडूबाबाने बुडवलेली होडी

डोळखांबकडच्या त्या पाड्यावर कोंडूबाबाच्या गलबतांवर कुणाचा काडीचा विश्वास नव्हता. बसणार तरी कसा? चहूबाजूंनी डोंगर, खाली उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असलेली नदी, आणि हा गडी सांगणार, "आमी पन्नास हातांचा गलबत बांधला व्हता!" ऐकणारा तंबाखू मळत म्हणायचा, "व्हय बाबा, बांधला आसंल." घरात रंभा, त्याची बायको, तेवढंही म्हणत नसे. ती सरळ तोंडाला पदर लावून हसायची.

पण गोष्ट खरी होती. तरणा असताना भात झोडून झालं की कोंडू डोंगर उतरून नदी जिथे खाडीला मिळते तिथल्या तरवाडीला, गलबतं बांधायच्या जागेला जायचा. सोळा हंगाम काढले त्याने तिथे. काठावर एका वेळी सात-सात गलबतं उभी असायची. दिवसभर ठोकाठोकी, आरडाओरडा, आणि तेलाचा वास तर असा की होळीपर्यंत अंगातून जात नसे. कोंडूकडे सांध्यांचं काम. फळ्यांच्या मधल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस छिन्नीने ठासायचा. तिथला रामू मिस्त्री म्हणजे जमदग्नी. काम चुकलं की छिन्नी हातातून हिसकावून घ्यायचा. तोच एकदा, सोळा वर्षांत एकदाच, "बरा हाय" म्हणाला, आणि त्या दोन शब्दांवर कोंडूने पुढची सगळी वर्षं काढली. मग पूल झाले, ट्रक धावू लागले, गलबतं कुणालाच नको झाली. तरवाडी ओस पडली.

गेल्या वर्षी पाड्याखाली बंधारा झाला. पाणी अडलं हे चांगलंच, पण पलीकडची खाचरं लांब पडली. भाताचे भारे डोक्यावर घेऊन केवढा तरी वळसा घालावा लागायचा. शहात्तर वर्षांचा कोंडूबाबा म्हणाला, "होडी करतो." शेजारच्या किशोरने बांधावरचा वठलेला आंबा दिला आणि उन्हाळ्यापासून काम सुरू झालं. होडी तरली तर ठीक, नाहीतर सोळा वर्षांची थाप म्हणून पाडा कायमचा हसणार, हे बाबाला पक्कं ठाऊक होतं. तोंडाचा पट्टा मात्र चालूच होता.

दसरा झाला आणि एका दुपारी त्याने होडी काठाशी पाण्यात लोटली, दगड भरून बुडवली आणि शेणव्याला लेकीकडे निघून गेला. कुणाला काही बोलला नाही. यात सांगायचं काय? वाळलेल्या फळ्या वालासारख्या भिजत घालायच्या असतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आवळले जातात. तरवाडीत शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं.

पाड्यावर माहीत नव्हतं. संध्याकाळी म्हशी धुवायला गेलेल्या किशोरला होडी तळाशी दिसली आणि त्याच्या काळजात चर्र झालं. म्हाताऱ्याची लाज राखायला हवी! दुसऱ्या सकाळी त्याने सहा माणसं जमवली, दगड काढून फेकले, होडी ओढून वर आणली आणि कडक उन्हात उपडी घातली. याची वाच्यता करायची नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. रंभालाही सांगितलं. ती या खेपेला हसली नाही. तिला नवऱ्याची दया आली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्या दिवशी बाबा परतला तर काठावर सुतकी चेहरे.

"बाबा, जाऊं दे. वय झाला," किशोर हळूच म्हणाला. "आमी कोनाला नाय सांगला."

बाबाने वाकून उन्हाने उघडलेल्या एका फटीला डोळा लावला. पलीकडचा किशोर त्यातून आख्खा दिसत होता. बाबा मटकन खाली बसला आणि मग असा हसत सुटला की त्याला ठसका लागला.

"आरं गाढवांनो, ती बुडाली नव्हती! मी बुडवली व्हती!"

मग काय, फेकलेले दगड ज्याचे त्यानेच परत आणले. होडी पुन्हा तळाशी गेली. पुन्हा कुणाला मदत करायची हुक्की येऊ नये म्हणून रंभा तीन दिवस काठावर राखणीला बसली.

चौथ्या सकाळी दगड काढून होडी काठाशी ओढली आणि डब्याडब्याने पाणी उपसलं. होडी वर आली आणि डुलू लागली. आता आत पाणी शिरतं का, हे बघायचं होतं. सगळा पाडा काठावर जमला. बाबाची मान काही होडीकडे वळेना; तो आपला डोंगराकडे बघत उभा.

रंभाने लुगडं खोचलं आणि ती कुणाला न विचारता आत जाऊन बसली. सगळ्या सांध्यांवरून हळूहळू हात फिरवून तिने तळवा निरखून बघितला.

"कोरडी हाय," ती म्हणाली.

एकच गलका झाला. बाबाने डोळे पुसले, आत चढून बांबू तळाला रोवून रेटा दिला आणि होडी खोल पाण्यात घेतली. मधोमध आल्यावर रंभाने विचारलं, "तवा मना कदी नेलाव का नाय तरवाडीला?"

बाबाने बांबू उचलून पुन्हा रोवला.

"आता तिथं काय उरला नाय गो," तो म्हणाला.

"नसूं दे. तुमी कुठं बसायचाव, ती जागा तं दाखवा."