सरकारी बोलीतला नालायक

माझा डावा हात कोपरापासून खाली नाही. दुसऱ्या लढाईत ब्रह्मदेशाकडे गेला. लोकांना वाटतं गोळी लागली असेल. गोळी नाही लागली. चिखलात फसलेला ट्रक ढकलत होतो, तो मागे सरकला. जे झालं ते सांगतो, वाढवून सांगायची मला सवय नाही.

पातूरच्या अलीकडे आमचं गाव. परत आलो तर पोरासोरांनी लगेच नाव पाडलं, थोट्या. मला राग आला नाही. हात नाही त्याला थोटाच म्हणणार. आमचा भाजीपाल्याचा मळा थोरल्या भावाकडे होता. भाऊ वाईट नव्हता. पण जेवायला बसलो की वहिनी मला आधी वाढायची, पाहुण्याला वाढतात तशी, अन् माझ्या बायकोला सगळ्यांच्या शेवटी. मी चौथीही पुरी केली नाही, पण ताटातली भाषा मला वाचता येते. पेन्शन मिठामिरचीपुरती. मला काम पाहिजे होतं.

त्याच दिवसांत अकोल्यात दवंडी पिटली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, हुकूम नागपूरहून यायचे. लढाईत हातपाय गेलेल्यांना सरकारी नोकरीत आधी घ्यायचं, असा हुकूम होता. चौकशी केली तर गुरांच्या कोंडवाड्यावर शिपायाची जागा रिकामी. फाटक उघडायचं, मोकाट गुरं आत घ्यायची, पाणी पाजायचं. छातीवर सरकारी पट्टा.

भाऊ म्हणाला, "हे जागा त तुयासाठीच काढली बापा. तुले लाथ मारनारा बैल अजून जलमाले याचा हाय."

त्या दिवशी बायकोनं भाजीत जरा मोकळ्या हातानं तेल टाकलं, अन् त्यावरून दोघी जावांचं भांडण झालं.

जागेसाठी डॉक्टरचा दाखला पाहिजे होता, तो अमरावतीला मिळायचा. मूर्तिजापूर, बडनेरा करत गेलो. डॉक्टरनं हात पाहिला, इंग्रजीत काही खरडलं अन् व्हरांड्यातल्या कारकुनाकडे पाठवलं. कारकून पुण्याकडचा, बोलायला गोड. इंग्रजीचं मराठी करणं हे त्याचं काम. बाकावर बसलेल्या बायाबापड्यांसमोर त्यानं मोठ्यानं वाचलं, "सदर इसम कष्टाच्या कामास नालायक आहे."

मी म्हणालो, "कोन नालायक?"

"तुम्ही. म्हणजे, असं लिहायची पद्धत आहे."

"मले थोटा लिवा. मी थोटा हाओ. नालायक कावून?"

"अहो, थोटा हा शब्द सरकारी बोलीत नाही. इथे दोनच शब्द. लायक, नाही तर नालायक. लायक लिहिलं तर तुमची सवलत गेली."

बाकावरचा एक म्हातारा मधेच म्हणाला, "घे ना बापा लिवून. मायी बुढी मले रोज नालायक म्हनते, अन् कागद बी देत नाही."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. आमच्याकडे नालायक म्हणजे ज्यानं मायबापाला उपाशी ठेवलं, बायकोचा डागदागिना दारूत घातला, तो. मी यातलं काही केलं नव्हतं. तरी कागद घडी करून खिशात घातला. गरज होती.

अकोल्याला नायब तहसीलदार मला स्वतः कोंडवाड्यावर घेऊन गेला. म्हणाला, "दाखव काय जमते ते." एक मारका गोऱ्हा फाटकात आडवा उभा होता, कोणाला जवळ येऊ देत नव्हता. मी थोटं त्याच्या मानेखाली घातलं, उजव्यानं वेसण धरली, अन् चुचकारत आत नेला. मागं पायानं फाटक लोटलं, खांद्यानं अडसर सरकवला. साहेब खूश झाला. "वा रे! तुले त जमते." मग त्यानं कागद उघडला, अन् चेहरा उतरला.

"याच्यात त नालायक लिवलं हाय. नालायक मानूस कामावर घेतला म्हून उद्या माह्यावर येईन."

"मंग लायक लिवून आनू?"

"लायक असला त थोट्याच्या जागेवर कसा बसशीन?"

मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. माणूस भला होता, त्यानं वाट काढली. टेबलावर बसून स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. मी कामास नालायक आहे हे मला कबूल आहे, सरकारनं दया करून पोटाला लावावं. दयेखातर म्हणून घेता येते, म्हणाला. टाक माझ्यापुढं केला.

"कर सही."

"साहेब, आत्ता तुमी पाह्यलं."

"पाह्यलं म्हून त म्हनतो, सही कर."

"पाह्यलं म्हून त करत नाही."

"आता काय अडून राहिला बे! शब्दच त हाय."

डॉक्टरनं म्हटलं ते डॉक्टरचं. स्वतःच्या सहीनं मी ते कसं म्हणू? टाक खाली ठेवला अन् बाहेर आलो. पुढे तो पट्टा ज्याच्या छातीवर दिसला, त्याचे दोन्ही हात शाबूत होते.

घरी भाऊ ओरडला, "सही केल्यानं तुया दुसरा हात झडत होता का?" बायकोनं एवढंच विचारलं, "मंग आता?"

भावाचं अन्न गळ्याखाली उतरेना, म्हणून आम्ही अकोल्यात खोली घेतली. मी कचेऱ्या हिंडलो, गोदामं हिंडलो. पाहू, म्हणायचे. दिवाळीनंतर या, म्हणायचे. हुकूम तसाच होता, कोणी रद्द केला नाही. पण त्या हुकमानं कामाला लागलेला एकही माणूस मला दिसला नाही. दिसला असता तर रस्त्यात थांबवून विचारलं असतं, बापा, तू कशावर सही केली?

कापूस निघाला तशी बायको जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जाऊ लागली. दिवसभर सरकीच्या धुळीत उभी राहायची. घरी यायची तेव्हा केस पांढरे, अन् रात्रभर खोकला. मी चूल पेटवायचो, पीठ एका हातानं मळायचो. तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडलो तरी असतो.

एक दिवस ती भाकर विसरून गेली. मी फडक्यात बांधली अन् जिनाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. दुपारच्या सुट्टीत बाया बाहेर आल्या. ती आली, बरोबर एक दांडगी बाई.

त्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कावो, तुये मालक त फौजेत हायेत म्हनत होती ना? मंग हे कोन?"

बायको म्हणाली, "भासरे हायेत माये."

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. तिनं पदर नाकापर्यंत ओढून घेतला अन् माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, भासऱ्यासमोर राहतात तशी. ती बाई बाजूला उभी राहून पाहतच होती. भासऱ्यानं भावजयीच्या हातात काही द्यायचं नसतं. मी भाकरीचं फडकं फाटकाजवळच्या दगडावर ठेवलं अन् मागं सरलो, तेव्हा तिनं ते उचललं.