नेरच्या काकूंच्या भुवया

बोंडअळीनं कपाशी पोखरली त्या वर्षी यवतमाळातलं माझं पार्लर ओस पडलं होतं. लग्नसराई थंडावली की पहिला फटका आम्हालाच. अशात नागपूरच्या एका संस्थेच्या बाया आल्या. कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या बायकांना मेकअप शिकवायचा, याल का म्हणाल्या. मी तोंडावर बोलले, "बाप्पा! त्यायचा जीव टांगणीले लागला, अन् तुम्ही लिपस्टिक कायले लावून राह्यल्या?" पण गेले. रिकामं बसून माशा मारण्यापेक्षा बरं म्हणून गेले, खोटं कशाला सांगू.

यवतमाळातल्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत सतरंजी टाकलेली. प्रत्येकीला तिचा तिचा ब्रश, तिचा तिचा स्पंज. केमोनं अंगातली ताकद गेलेली असते, एकीचं सर्दी-पडसं दुसरीला लागायला नको. केस जातात हे मला ऐकून ठाऊक होतं. भुवयाही जातात, हे तिथे पाहिलं. भुवया नसल्या की चेहऱ्यावर ना राग दिसतो ना हसू. पहिल्या दिवशी मला नीट बघवेना.

दाराजवळ एक बाई बसायच्या. नेरजवळच्या खेड्यातून एसटीनं यायच्या, म्हणून मी त्यांना नेरच्या काकू म्हणायचे. पावडर नको, लाली नको, त्यांना फक्त भुवया पाहिजे होत्या.

"पोरीले पाहाले येऊन राह्यले," त्या हळूच म्हणाल्या. "डोक्याचं काई नाई, व्याह्यापुढं पदर असतेच. पण भुवयाईचं काय करू? माही बिमारी समजली त सोयरीक होत नाई. म्हणतीन, मायची बिमारी पोरीत उतरते."

मी भडकले. "अन् खोटं बोलून लग्न लावता का, काकू?"

"खरं बोलून कोण करते, तू सांग मले."

कपाळ माझं! माझ्याच नात्यात अशी एक सोयरीक मोडलेली होती.

औषधानं त्यांची बोटं बधिर झाली होती, पेन्सिल धरवत नव्हती. म्हणून पाहुणे यायच्या दिवशी सकाळच्या गाडीनं मुलगी त्यांना पार्लरमध्ये घेऊन आली. आणि मला चेव चढला. कितीतरी दिवसांनी हाताला काम मिळालं होतं. कमानदार भुवया काढल्या, डोळ्यांखालचं काळं झाकलं, गालांवर हलका गुलाबी रंग दिला. काकू आरशात बघतच राहिल्या. "माय वं! हे मीच हाव काय?" मुलगी हसली, मीही फुगले.

करायला गेले गणपती नि झाला मारुती. पाहुणे बोरी अरबकडचे, शेतकरी माणसं. चहा-पोहे झाले, आणि दोन दिवसांनी निरोप आला: माय एवढी नटवी, त पोरगी वावरात काय काम करन? आम्हाले कपाशी वेचणारी सून पायजे.

पुढच्या वेळी दवाखान्यात काकूंनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. तर त्या हसत होत्या. "पण बिमारी नाई समजली ना वं! त्यायले मी नटवी वाटली. म्हणजे चांगली ठणठणीत वाटली!" सगळ्या खो खो हसल्या. मला मात्र रडू कोसळलं, आणि आजारी बायांनीच मला पाणी दिलं.

दुसरं स्थळ कळंबकडचं आलं, तेव्हा काकूंनी आधीच बजावलं. "या खेपेले मले वावरातून आलेली दाखव."

जन्मभर मी सावळ्या पोरींना गोरं केलं. त्या दिवशी पांढऱ्याफटक पडलेल्या बाईला उन्हात रापवत बसले. नाकावर आणि गालांच्या हाडांवर गडद रंग, कपाळ जरा फिकं, कारण पदराची सावली पडते. भुवया विरळ काढल्या आणि एक मुद्दाम मधेच तुटलेली ठेवली. मुलाची आई म्हणे त्यांना म्हणाली, "ईहीणबाई, लयच राबता वं तुम्ही उन्हात." सोयरीक जमली. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलं.

काकू भादव्यातच गेल्या.

सकाळी मुलीचा फोन आला. आधी नुसती रडली. मग म्हणाली, "ताई, आईले आंघोळ घातली. भुवयाच नाईत. कळंबचे येऊन राह्यले. आम्ही अटॅक आला म्हणून सांगतलं. तुम्ही या."

मेकअपची पेटी उचलली आणि मिळेल त्या गाडीनं गेले. वाटेत स्वतःलाच शिव्या घातल्या. मेल्यावरही त्या बाईची सुटका नाही!

हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. सवाष्ण गेली, सोनं झालं, असं बाया म्हणत होत्या. कायचं सोनं, डोंबल! मुलीनं साडीचा आडोसा धरला. थंड कातडीवर रंग बसेना. मी तो तळहातावर चोळून कोमट केला आणि बोटांनीच लावला. तीच गडद छटा, तीच तुटकी भुवई. अगदी आधीसारखी जमली.

आडोसा काढला तोच मुलाची आई आली. उशाशी बसली, रडली आणि काकूंच्या गालांवरून, कपाळावरून दोन्ही हात फिरवले. तिनं बोटं बघितली. बोटांवर कुंकू होतं आणि माझा रंगही. मग तिनं भुवईकडे बघितलं. एका बाजूनं ती पुसली गेली होती. मुलीचा चेहरा पार उतरला.

त्या बाईनं बोटं आपल्याच पदराला पुसली. काकूंचा पदर भुवया झाकतील इतका खाली ओढला. माझी पेटी भिंतीशी उघडीच होती, तिकडे तिची नजर गेली. मग मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली, "मले सांगतलं असतं, त मी काय खाल्लं असतं काय वं तिले?"

लग्न ठरल्या दिवशीच झालं. पण आधीच खरं सांगितलं असतं तर ते झालं असतं का, हे मी त्या बाईला कधी विचारू शकले नाही.