व्हर्लिनचा पिवळा रुमाल

नेब्रास्कातल्या आमच्या गावात घरोघरच्या हीटर-भट्ट्या दुरुस्त करणारा व्हर्लिन कुबिचेक तसा अगदी गरीब गाय. बायकोने ऐन रंगात टीव्ही बंद केला तरी हूं की चूं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा चढवून कमरेला पिवळा रुमाल खोचला, की हाच शाळेच्या अमेरिकन फुटबॉलचा पंच. दुसरं कुणी तयारच होत नाही हो! शिव्या खायची हौस कुणाला?

त्यातून डोक्याची टक्कर ओळखणं महाकठीण. दोन दांडगी पोरं धावत येतात, ऐनवेळी दोघंही मान खाली घालतात, आणि धाड! खांदा आधी लागला की हेल्मेट, हे पापणी लवायच्या आत ठरवायचं. हेल्मेट आधी लागलं तर पिवळा रुमाल जमिनीवर टाकायचा आणि धडक देणारं पोर मैदानाबाहेर. गेल्या वर्षी व्हर्लिन विचारच करत राहिला, रुमाल कमरेलाच राहिला, आणि मार बसलेलं पोर गरगरत्या डोक्याने उठून चक्क समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसलं. लोक हसले. व्हर्लिन घरी जाऊन जेवला नाही. त्याने मनाशी ठरवलं, यापुढे शंका आली की रुमाल टाकायचाच.

या शुक्रवारी शंका आली. रुमाल पडला आणि पोरगा मैदानाबाहेर गेला. पोरगा कोण? टकर! व्हर्लिनच्या बायकोच्या लव्होनमावशीचा लाडका नातू. आणि गावातला एकुलता एक कॅफे मावशीचाच.

"उद्या ती शिट्टी मावशीच्या हातात दे, पंचगिरी सोड आणि मोकळा हो," बायको जोलीन म्हणाली. "नाहीतर मावशीकडच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की आपल्याला बाहेर गाडीत बसून खावी लागेल."

शनिवारी सकाळी खिशात शिट्टी घेऊन व्हर्लिन कॅफेत शिरला. तिथे गिऱ्हाइकांचं मीठदाणी आणि मिरपूडदाणी एकमेकींवर आपटून कालच्या टकरीचा निकाल लावणं चाललंच होतं.

"आला आंधळा!" मावशी कडाडली. "माझ्या टकरने खांदा लावला, खांदा!"

"मावशी, त्याने मान खाली घातली होती."

"थांब, दाखवतेच तुला!" मावशीने शेवया निथळायची चाळणी डोक्यावर चढवली, खांदा पुढे काढला, आणि गल्ल्यामागून अशी सुटली की काय सांगू! टण्ण! चाळणी थेट व्हर्लिनच्या छातीवर.

मग कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने हळूच पिवळा कागदी रुमाल जमिनीवर टाकला. मग दुसऱ्याने. बघता बघता सगळी फरशी पिवळी!

मावशी कपाळ चोळत उभी. "मेल्या, मी मान कधी खाली घातली, माझं मलाच कळलं नाही रे."

व्हर्लिनने खिशातली शिट्टी चाचपली आणि तिथेच राहू दिली.

"बस आता," मावशी फणकारली. "खसखशीचे कोलाचे-पाव संपलेत. आलुबुखाऱ्याचे खा."

"खसखशीचे तर समोर दिसताहेत, मावशी."

"दिसतात ना? मेल्याला सगळं दिसतं!" म्हणत मावशीने बशी आपटली. खसखशीचे दोन होते.