कॅमेऱ्याखालचं ताट

बैठकीतल्या टेबलावर जळल्याची एक खूण आहे, बोराएवढी. वायरींना डाग द्यायची तापलेली कांडी लेकीच्या हातून एकदा तिथं टेकली होती. मी त्या टेबलावर कापड अंथरत नाही. कुणी विचारलं तर सांगते, धुवायला टाकलंय.

त्या वर्षी लेक पुण्याची नोकरी सोडून लातूरला घरी आली होती. नांदेडला एक कारखानदार डाळ निवडायची मशीन बनवायचे, त्यांच्याकडं तिनं काम धरलं. या मशीनमध्ये डाळ वरून पडते, कॅमेरा तिच्याकडं बघतो, आणि काळा दाणा किंवा खडा दिसला की मशीन हवेचा फटकारा मारून त्याला बाजूला उडवते. मशीनचा मेंदू तोवर हैदराबादहून तयार यायचा. तो इथंच बनवावा असं त्या कारखानदारांच्या मनात होतं. त्यांनी लेकीला एक हिरवा बोर्ड दिला, दसऱ्यापर्यंतची मुदत दिली आणि घरी बसून काम करायची मोकळीक दिली. जमलं तर ती इकडंच राहणार होती. नाही जमलं तर परत पुणे.

मला पुण्याचं वावडं नाही. पण ती तिथं असताना फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढं मला काही सुचायचं नाही. घरात असली की न बोलताही चालायचं.

नक्की काय करते, हे मी एकदा भाकरी थापता थापता विचारलं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला सांगायचं म्हणून तिनं सोपं करून सांगितलं असेल, पण मला ते कळलं. बोर्डावर दोन भाग असतात. एक विचार करतो, दुसरा डाळ बघतो. दोघांच्या मध्ये पूल असतो. वीज आली की सगळ्यांच्या आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. तो बाकीच्यांना उठवतो.

“त्याला आपल्या बोर्डावर पूल हाय हेच माहीत न्हाई, आई. ते मी त्यात घालायले.”

“मग घाल की.”

“घातलं. पण बघणारा भाग तयार व्हायच्या आधीच पूल उघडायलाय. मग विचार करणारा भाग इकडून हाक मारतो अन् पलीकडं कुणीच नसतं. तसाच उभा राहतो, उत्तराची वाट बघत. सगळं थिजतं.”

रोज तेच चालायचं. बटण दाबलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर खाली यायच्या, मग एका ओळीशी तीन टिंबं उमटायची आणि सगळं थांबायचं. मला वाचायची गरज नव्हती. स्वयंपाकघरात खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला की समजायचं, आजही टिंबांशीच थांबलं.

डाळीचं म्हणाल तर माझं बालपणच तिच्यात गेलं. चाकूर सोडून आम्ही लातूरला आलो, तशी आई दाल मिलमध्ये निवडायला जाऊ लागली आणि शाळा सुटल्यावर मीही तिच्यासोबत. लांबच्या लांब ओळीत बायका बसायच्या. समोर सूप, बोटं डाळीत, तोंडं गप्पांत. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या नवऱ्याचं. मी बोलायची नाही, नुसती ऐकायची. संध्याकाळी केसांत, भुवयांत पिवळी भुकटी बसलेली असायची. आई पदरानं माझं तोंड पुसायची. त्या पदरालाही तुरीचाच वास.

दसरा जवळ आला आणि एका सकाळी ओळी टिंबांच्या पुढं गेल्या. लेक एवढ्यानं ओरडली की मी हातातलं दूध घेऊनच बाहेर आले. बघणारा भाग तयार झाल्याशिवाय पुलाला हात लावायचा नाही, असं तिनं त्या प्रोग्रामला शिकवलं होतं. आता पलीकडून खरोखर काही येतं का, तेवढं बघायचं राहिलं. नांदेडच्या मालकांना तिनं लगेच फोन केला. ते त्या दिवशी लातुरातच होते, दुपारी येतो म्हणाले. तिनं डब्यांच्या उतरंडीवर कॅमेरा बांधला, खाली डाळीचं ताट ठेवलं, आणि जास्त उजेडाचा बल्ब आणायला बाजारात गेली. आदल्या दिवशी तिनं मिलमधून पिशवी आणलेली मी पाहिली होती. ताटात तिनं मुद्दाम काय कालवलंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती गेली आणि आक्का आल्या. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद, धर्माबादची. खुर्चीवर टेकताच त्यांची नजर ताटात गेली.

“ही कसली डाळ म्हणायची? निम्मे खडेच हायेत की गं. कोण्या दुकानदारानं फसवलं?”

“लेकीनं आणलीय, आक्का.”

“तिला काय कळतंय डाळीतलं! आण इकडं.”

ताट त्यांच्या मांडीवर आलं. मीही शेजारी बसले. भरलं ताट समोर असलं आणि दोन बायका बोलत बसल्या की बोटं आपोआप चालतात, त्याला कुणी सांगावं लागत नाही. आक्का धर्माबादच्या मिरच्यांचं सांगत होत्या, विहिणीचं सांगत होत्या. खडे, काळे दाणे, सालपटं सगळं मी वाटीत घातलं आणि वाटी ओट्यावर ठेवली. ताट पुन्हा कॅमेऱ्याखाली जिथल्या तिथं.

“आता कशी सोन्यासारखी दिसायली,” आक्का म्हणाल्या.

लेक आणि मालक बरोबरच आले. मी डोक्यावर पदर घेऊन आत चहा टाकायला गेले. बटणाचा आवाज आला, खुर्ची सरकली नाही, म्हणजे ओळी पुढं गेल्या होत्या. पडद्यावर चित्र येणार नव्हतं, खराब दाण्यांचा आकडा फक्त येणार होता. लेकीनं तो मोठ्यानं वाचला, शून्य. तिनं बंद करून परत चालू केलं. परत शून्य.

“सर, पूल उघडला असं दिसतंय, पण पलीकडून काहीच येईना.” तिचा आवाज बारीक झाला होता. “कुठंतरी मुळातच चुकलंय माझं. सगळं काढून परत पहिल्यापासून बघते.”

“बघा ना. तुमची मेहनत दिसते,” मालक म्हणाले. “पण सीझन तोंडावर आलाय. मी हैदराबादला तयार बोर्डाचं बोलून ठेवतो.”

मी साखरेच्या डब्याकडं हात नेला आणि ओट्यावरच्या वाटीपाशी थांबले.

परक्या माणसापुढं माझा आवाज निघत नाही, आजही निघत नाही. दारात उभी राहिले. मग तशीच टेबलापाशी गेले आणि वाटी ताटात पालथी केली.

“अगं अगं, येडी झालीस का!” आक्का ओरडल्या. “आत्ताच निवडली की!”

पडद्यावरचा आकडा हलला. मी बोटानं डाळ पसरली तसा वाढत गेला.

लेकीनं ताटाकडं पाहिलं, रिकाम्या वाटीकडं, आक्कांकडं, मग माझ्याकडं. आणि टेबलावर डोकं टेकून अशी हसायला लागली की ती रडते का काय, मला कळेना.

“म्हणजे पूल कवाचा उघडाच होता म्हणा की,” मालक म्हणाले.

“हसा,” आक्का म्हणाल्या. “आमच्या बोटांचं काम तुमच्या डब्याला द्यायलाव, अन् वर आम्हालाच हसायलाव.”

“मावशी, खरं हाय तुमचं,” मालक म्हणाले आणि मी आणलेला चहा बशीत ओतून घेतला. आक्कांच्या त्या बोलण्यानं मला ओळीतल्या बायका आठवल्या. लेकीला मी नंतर विचारलं, त्यांचं काय?

हैदराबादला फोन गेला नाही. पुण्याला परत जाणंही टळलं. पण मशीन नांदेडला बनतात, म्हणून दिवाळी झाल्यावर तिनं तिथं खोली घेतली. कॅमेरा गेला, बोर्ड गेला, उतरंडीचे डबे माझ्या फळीवर परत आले. अजून कधीकधी भाकरी थापताना मी खुर्ची सरकायची वाट बघते.

शनिवारी ती बसनं येते. येताना मशीनमधून निघालेली डाळ आणते. मी ती ताटात ओतते आणि बसते.

“आई, निवडलेली हाय ती.”

“हाव, माहीत हाय.”

ती बॅग भिंतीशी ठेवते. मग आठवड्याचं काहीबाही सांगत शेजारी मांडी घालते आणि बोटं डाळीत घालते. खडा काही सापडत नाही. तरी ताट संपेपर्यंत आम्ही दोघी उठत नाही.