चूक असेल तर सांगा

श्रीपतराव सवनेकर यांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली आणि त्या भांडणात मी सपशेल हरलो. साठाव्या वर्षाच्या गौरवग्रंथात असे लिहिणे शोभत नाही, असे कोणी म्हणेल. पण ज्यांचा गौरव करायचा त्यांनाच गोडगोड लिहिलेले चालत नाही, त्याला मी काय करणार?

माझे साप्ताहिक वाशीमला निघते. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे निजामसरकारचे राज्य, अशी परवापरवापर्यंतची स्थिती. तिकडे अंमलदाराविरुद्ध एक ओळ छापण्याची सोय नव्हती. त्यामुळे हिंगोली, सेनगाव, कळमनुरी भागातली गाऱ्हाणी नदी ओलांडून आमच्याकडे येत आणि ‘आमचे बातमीदार कळवितात’ या मथळ्याखाली छापली जात. हे बातमीदार म्हणजे हिंगोलीचे श्रीपतराव मास्तर. मुलांच्या खाजगी शिकवण्या करून पोट भरणारे, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही.

त्यांची पहिलीच बातमी एका अमिनाची होती. पोलिसांच्या या साहेबांनी बाजारातल्या कुंभारणीची मडकी फुकट उचलली आणि तिने दाम मागितले म्हणून तिलाच चौकीत बसवून ठेवले. बातमी सरळ, कोरडी होती. मला ती अळणी वाटली, म्हणून मी अमिनाच्या आधी ‘नराधम’ हा शब्द घातला. अंक निघाला आणि काही दिवसांत काळी टोपी, बगलेत छत्री आणि गुडघ्यापर्यंत धूळ अशा अवतारात एक गृहस्थ छापखान्याच्या दारात उभे राहिले.

“संपादक आपणच ना? ‘नराधम’ हा शब्द कुणाचा?”

“माझा. का, आवडला नाही?”

“मी बातमी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्यात हा शब्द नव्हता. तेव्हा तो मागं घ्या.”

मला आधी कळेचना. “कुणाला वाचून दाखवलीत?”

“अमीनसाहेबांना. दुसऱ्या कुणाला दाखवणार?”

मी खो खो हसलो. श्रीपतराव हसले नाहीत. दुरुस्ती जुळवून होईपर्यंत ते दारातच बसून राहिले, चहासुद्धा घेतला नाही. पुढच्या अंकात मला छापावे लागले की, ‘नराधम’ हा शब्द संपादकांचा असून बातमीदारांचा नाही. आमच्या वाशीमकरांनी पुढे कितीतरी दिवस मला त्याच नावाने हाक मारली.

ही त्यांची कामाची रीत. ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याच्या घरी दिवसाढवळ्या जायचे, समोर बसून मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचायचा आणि शेवटी विचारायचे, “यात चूक असेल तर सांगा.” चूक निघाली तर तिथेच खोडायची. शिव्या मिळाल्या तर त्या ऐकून घ्यायच्या आणि मग मजकूर नदीपार पाठवायचा. बाहेरगावी छापले म्हणजे नाव झाकून राहते, हा आमचा सोयीचा हिशोब त्यांनी पहिल्या दिवशीच मोडला. लिहिणारा कोण, हे सबंध हिंगोलीला ठाऊक होते. मी एकदा म्हणालो, “मास्तर, हे म्हणजे आ बैल मुझे मार.” ते म्हणाले, “पाठीमागून बोलायचं तर मग चावडीवरच्या चहाड्या काय वाईट?”

या रीतीची किंमत त्यांनी कशी मोजली, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. शिकवण्या एकेक करून सुटल्या. बाजारातल्या हॉटेलात ते बाकावर टेकले की शेजारचा माणूस काही काम आठवल्यासारखा उठून जाई. न्हावी घरी येईना, म्हणून स्वतःच्या हाताने दाढी करू लागले आणि हनुवटीवर कायम एखादा काप दिसू लागला. लोक वाईट नव्हते. मास्तर खरे लिहितात हे सगळ्यांना पटत होते, फक्त त्यांच्याजवळ बसलेले कुणी पाहू नये, एवढीच सगळ्यांची इच्छा होती. मी एकदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बाहेरूनच त्यांचा आवाज आला. वाटले, कुणीतरी आले आहे. आत ते एकटेच, जुना अंक मोठ्याने वाचत होते. मला पाहून ओशाळले आणि म्हणाले, “दिवसभर बोललं नाही तर शब्द घशातच राहतात हो. आणि घरात जरा आवाज असला की बरं वाटतं.”  

आणि हाच माणूस मला विषमज्वर झाला तेव्हा पैनगंगा ओलांडून आला, आठवडाभर छापखान्यात राहिला, सगळी मुद्रिते तपासली, आणि सोवळ्याओवळ्यावरून माझ्या आईची बोलणीही मुकाट्याने खाल्ली. तो अंक आमच्या साप्ताहिकाचा सर्वांत कमी चुकांचा अंक आहे, हे इथे मान्य केलेच पाहिजे.

श्रीपतरावांच्या ओसाड घराच्या ओट्यावर येणारे माणूस एकच होते. करीमुद्दीन गिरदावर, म्हणजे महसूल खात्यातले फिरतीचे अधिकारी. दर शुक्रवारी नमाज आटोपला की ते यायचे आणि ऊन उतरेपर्यंत दोघांचा बुद्धिबळाचा डाव रंगायचा. सरकारी नोकराने मास्तरांच्या ओट्यावर बसणे म्हणजे निखाऱ्यावर बसणे. गिरदावर मात्र पान लावत म्हणायचे, “शुक्रवारी आमी सरकारचे न्हाई, अल्लाचे आन् मास्तरचे.” मी पाहिलेले डाव बहुधा बरोबरीत सुटत.

गेल्या महायुद्धाच्या दिवसांत एक बडे अंमलदार गोरेगावच्या बाजूला दौऱ्यावर गेले. साहेबांच्या तंबूचे ओझे गावकऱ्यांनी वेठीने, म्हणजे फुकट, डोक्यावर वाहायचे, असा तिथला जुना रिवाज. गोविंदा नावाच्या तापाने फणफणलेल्या माणसाला त्या ओझ्याखाली घातले. तो वाटेत कोसळला आणि मेला. साप चावून मेला, असा पंचनामा झाला आणि तिथल्या तिथे सगळे मिटले.

श्रीपतराव गावात गेले. कुणी तोंड उघडेना. गोविंदाच्या प्रेताला आंघोळ घालणाऱ्यांना त्यांनी गाठले, ते खाली मान घालून उठून गेले. शेवटी त्याची बायको सखुबाई स्वतःच मास्तरांच्या मागे गावकुसापर्यंत आली.

“मास्तर, तुमी लिवणारे व्हय ना? मंग लिवा. आंघोळीच्या वक्ताला म्या बी पायलं. पाठीवर चाबकाचे वळ हुते. साप चावतो, पाठीवर पट्टे काढत न्हाई.”

“बाई, तुमचं नाव छापावं लागेल. तकलीफ होईल.”

“आता आनखी काय हुईल? छापा.”

तिचे ऐकून आंघोळ घालणाऱ्यांपैकी दोघे बोलले. मजकूर तयार झाला. श्रीपतराव तो घेऊन बड्या अंमलदारांच्या बंगल्यावर गेले आणि तिथून त्यांना शिपायांकरवी बाहेर काढण्यात आले. हे त्यांना नवे नव्हते. पण आणखी एका माणसाला वाचून दाखवणे बाकी होते. दौऱ्यात साहेबांबरोबर गिरदावर होते आणि सापाच्या त्या पंचनाम्यावर पहिली सही करीमुद्दीन यांची होती.

पुढच्या शुक्रवारी करीमुद्दीन ओट्यावर पट मांडत असताना श्रीपतरावांनी खिशातून मजकूर काढला आणि वाचला. गिरदावरांच्या नावासकट वाचला. वाचून झाल्यावर श्रीपतराव उठले आणि घरात गेले. बाहेर आले तेव्हा ओटा रिकामा होता. मला हे त्यांनी एकदाच सांगितले आणि नंतर हा विषय मला काढू दिला नाही.

आम्ही छापले. परिणाम व्हायचा तोच झाला. बड्या साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर, आणि गिरदावरांची नोकरी गेली. मासा मोठा असला की जाळेच फाटते. एक मात्र खरे की त्या भागात पुढे कुणाच्या डोक्यावर वेठीचे ओझे ठेवताना पाटीलसुद्धा आधी इकडेतिकडे पाहू लागले. सखुबाई भेटली की अजून सांगते, “माह्या मालकाला साप चावला न्हाई, हे कागदावर आलं.” करीमुद्दीन बिऱ्हाड उचलून हट्ट्याला लेकीकडे गेले. शुक्रवार तेव्हापासून इतर वारांसारखा झाला.

यंदा निजामाचे राज्य गेले. ज्या हॉटेलातला बाक रिकामा होत असे तिथल्याच मंडळींनी श्रीपतरावांना हार घालून गावातून मिरवले. आमच्या या गौरवग्रंथाची कल्पना त्याच मिरवणुकीत निघाली. लेख देतो म्हणणाऱ्यांची रीघ लागली. तो हार खुंटीवर वाळायच्या आतच श्रीपतराव वसमतकडे गेले, कारण तिकडून वाईट बातम्या येत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदलेल्या मुसलमान कारागिरांची घरे लुटली गेली होती. हट्ट्याला पिंजाऱ्यांची पिंजणेसुद्धा उचलून नेली होती. कापूस पिंजता न येणाऱ्याच्या ती काय कामाची! श्रीपतरावांना ती पिंजणे मिरवणुकीत पुढे चालणाऱ्या एका नव्या पुढाऱ्याच्या गोठ्यात टांगलेली दिसली. रीतीप्रमाणे त्यांनी मजकूर त्या पुढाऱ्याला वाचून दाखवला.

पुढारी चकित झाले. “मास्तर, काहून असं? आता आपल्याच मान्सायवर लिवून राहिले?”

“माझं माणूस कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. यात चूक असेल तर सांगा.”

मजकूर छापून आला. दुसऱ्याच आठवड्यात बाक पुन्हा रिकामा झाला आणि हाती आलेले लेख एकेक करून परत मागितले गेले. हा ग्रंथ पातळ का झाला, हे वाचकांच्या आता लक्षात येईल. मला त्याचा संताप येतो, आणि तो मी लपवत नाही.

गौरवमूर्तींच्याच शिस्तीने चालायचे, म्हणून हा लेख इथवर लिहून मी हिंगोलीला गेलो आणि त्यांना वाचून दाखवला. ते ओट्यावर बसून ऐकत होते. संपल्यावर मी म्हणालो, “चूक असेल तर सांगा.”  त्यांनी विचारले, “गिरदावरांना वाचून दाखवलंत? त्यांचं नाव आहे यात.”

“नाही. पण तुम्ही हट्ट्याला गेला होतात. तुम्ही भेटलात का त्यांना?”

“त्यांच्या गल्लीत गेलो होतो. शेजारच्या सगळ्या घरांत गेलो. त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. ज्यांच्या तोंडचा घास मी काढला, त्यांना कोणत्या तोंडानं हाक मारू? एवढं दार मला ओलांडवलं नाही.”

मग मीच निघालो, वसमतला आगगाडीतून उतरलो आणि बैलगाडीने हट्ट्याला गेलो. करीमुद्दीन यांच्या घराचे एक दार निखळून गेले होते आणि तिथे गोणपाट लावले होते. म्हातारे खूप थकले आहेत. माझे नाव सांगितल्यावर त्यांनी लेकीला चहा टाकायला सांगितले आणि मी वाचायला लागलो. डोळे मिटून त्यांनी सगळे ऐकले. मी त्यांनाही तोच प्रश्न केला.

“दोन चुका हायेत,” ते म्हणाले. “एक, डाव बराबरीत सुटत नव्हते. मीच जितत हुतो. मास्तरला वजीर सांभाळता येत न्हाई.”

“आणि दुसरी?”

त्यांनी डोळे उघडले. “ओटा रिकामा हुता म्हणून लिवलं तुमी. मी लगीच उठलो न्हाई. मास्तर आत गेले, मी बसलो. लई येळ बसलो. साऱ्या दुनियेला इचारते हा माणूस, चूक असंल तर सांगा म्हणून. बड्या साहेबाला इचारलं, अमिनाला इचारलं. मला इचारलंच न्हाई. वाचलं आन् उठून गेले. इचारलं असतं तर सांगितलं असतं ना मी. काईच चुकलं न्हवतं. सही माहीच हुती आन् खोटी हुती. छापा म्हणलो असतो.”

चहा निवून गेला. कोपऱ्यात एका फडक्यावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. लुटीत सोंगट्या हरवल्या, म्हणून काही ठिकाणी चिंचोके ठेवले होते. मी विचारले, कुणाबरोबर खेळता? ते म्हणाले, “शुक्रवारी मांडून ठेवतो. सवय.”

श्रीपतराव, या दोन्ही दुरुस्त्या इथे छापल्या आहेत. लेखाचा हा शेवटचा भाग मात्र मी आपल्याला वाचून दाखवलेला नाही. इतक्या वर्षांत आपली रीत मी एकदाच मोडतो आहे, कारण वाचून दाखवला असता तर आपण तो खोडायला लावला असता. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, डोळ्यांची नजर आणि पायांतले बळ शेवटपर्यंत टिको, ही आपल्या या जुन्या मित्राची मनापासूनची प्रार्थना. त्या पायांना पहिले काम मी सांगतो. येत्या शुक्रवारी नमाजानंतर हट्ट्याला जा. गोणपाट बाजूला सारा, आत बसा, आणि एका माणसाला विचारायचा राहिलेला प्रश्न विचारा. उत्तर वर छापलेच आहे. तरीही ते आपण त्यांच्या तोंडून ऐकावे, अशी त्यांची इच्छा आहे.